जबड्यातली सिस्ट: भिंतीतल्या पेशींची गर्दी आणि वाढलेल्या रक्तवाहिन्या काय सांगतात?

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ताईंच्या धाकट्या भावाला खालच्या जबड्यात डाव्या बाजूला सूज आली. ओपीजीत, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेत, पहिल्या दाढेच्या मुळांखाली गोल काळा डाग दिसला. ऑपरेशन करून सिस्ट काढली आणि तपासणीला पाठवली. रिपोर्टमध्ये आले आहे: ‘भिंतीत दाट दीर्घकालीन दाह, भरपूर लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी, अधूनमधून मास्ट पेशी, विस्फारलेल्या व वाढलेल्या रक्तवाहिन्या. रेडिक्युलर सिस्टशी सुसंगत.’ ताई विचारतात, रक्तवाहिन्या वाढल्या म्हणजे कॅन्सरची सुरुवात तर नाही ना? रोगाशी लढणाऱ्या पेशी एवढ्या होत्या तर गाठ वाढलीच कशी? आणि आता प्रतिकारशक्ती वाढवायचं काही औषध द्यावं का?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. हा कॅन्सरचा रिपोर्ट नाही. त्यातला सगळ्यात वजनदार शब्द शेवटच्या ओळीत आहे, ‘रेडिक्युलर सिस्ट’. त्याआधीच्या ओळीत आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांनी स्लाइडवर जे दिसलं त्याचं वर्णन केलेलं असतं. ते वाचून घरच्यांचं धाबं दणाणतं, पण निदान त्या वर्णनात नसतं. निदान ठरतं ते अस्तरावरून. कोणत्या अस्तराच्या आसपास ही गर्दी जमली आहे ते कळलं की गर्दीचा अर्थ लागतो. अस्तर सोडून नुसत्या पेशी मोजत बसलं तर हाती काही लागत नाही.

सिस्ट म्हणजे हाडात तयार झालेली पिशवी. आत पोकळी आणि द्रव, पोकळीला लागून पेशींचं पातळ अस्तर, आणि अस्तराबाहेर तंतूंची भिंत. रक्तवाहिन्या फक्त या भिंतीत असतात. अस्तरात एकही नसते, पोकळीत तर प्रश्नच नाही. अस्तराला लागणारा प्राणवायू आणि पोषण भिंतीतल्या केशवाहिन्यांतून झिरपून येतं. प्रतिकारशक्तीच्या पेशीही रक्तातूनच भिंतीत उतरतात. त्यामुळे रक्तवाहिन्या आणि पेशी हे दोन वेगळे विषय मानू नका, एकीशिवाय दुसरीचं काम चालत नाही.

आता भावाच्या दाढेकडे. ओपीजीवर त्या दाढेत खोल कीड दिसत असेल, किंवा जुनी फिलिंग. रेडिक्युलर सिस्ट ही मेलेल्या दाताची सिस्ट आहे. जबड्यात दाताशी संबंधित जेवढ्या सिस्ट होतात त्यांतल्या निम्म्याहून जास्त याच. आपल्याकडे म्हणतात तशी दाताची ‘नस’ मेली, की मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून आत जाणारा रक्तपुरवठा तुटतो. आत जंतू मात्र मजेत राहतात. रक्तच आत जात नाही म्हटल्यावर पांढऱ्या पेशी तरी कशा जाणार? त्या मुळाच्या टोकाशी येऊन थांबतात. हिवाळी अधिवेशनात मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवतात तेव्हा विधानभवनाला धक्का लागत नाही, जी काय गैरसोय व्हायची ती त्या चौकात होते, तसंच हे. जंतू दाताच्या पोकळीत सुरक्षित, आणि झीज होते ती बाहेरच्या हाडाची.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पेशी कमी पडल्या म्हणून गाठ वाढली असं झालेलं नाही. पेशी आल्या, पण शत्रूपर्यंत पोचू शकल्या नाहीत आणि वर्षानुवर्षं तिथेच लढत राहिल्या. गाठ वाढली ती या लढाईमुळेच.

कशी, ते जरा सविस्तर सांगते, कारण रिपोर्टमधला प्रत्येक शब्द इथून आला आहे. जंतूंच्या आवरणातले विषारी घटक छिद्रातून बाहेर झिरपतात. आधी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, मग जंतू गिळणारे मॅक्रोफेज, मग लिम्फोसाइट, आणि बी-लिम्फोसाइटपासून तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी. मॅक्रोफेज आणि टी-लिम्फोसाइट इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ-आल्फा असे रासायनिक निरोप सोडतात, सोबत प्रोस्टाग्लँडिन ई-२. यांचा एक परिणाम असा की आजूबाजूच्या पेशी ‘रँकल’ नावाचं प्रथिन जास्त दाखवू लागतात. रँकलमुळे ऑस्टिओक्लास्ट, म्हणजे हाड खाणाऱ्या मोठ्या पेशी, तयार होतात आणि कामाला लागतात. शरीर जंतूंपासून हाड मागे घेतं आणि मोकळ्या जागेत दाहाची मऊ ऊती भरतं. तोवर ही सिस्ट नसते, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात.

दाताचं मूळ बनताना जी अस्तर-पेशींची पट्टी असते तिचे तुकडे मुळाभोवतीच्या तंतूंत आयुष्यभर पडून राहतात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी त्यांचं वर्णन केलं, म्हणून ते मालासेचे अवशेष. एरवी हे तुकडे निपचित असतात. दाहातल्या निरोपांनी आणि वाढ घडवणाऱ्या घटकांनी ते जागे होतात, वाढतात, ग्रॅन्युलोमात शिरतात आणि एखाद्या पोकळीला आतून अस्तर घालतात. झाली सिस्ट. म्हणजे सिस्टचं अस्तर तुमच्या भावाच्या स्वतःच्याच जुन्या पेशींचं, आणि त्याला वाढीला लावणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशीही त्याच्याच.

प्रत्येक मेलेल्या दाताला सिस्ट होतेच असं नाही बरं. पी. एन. आर. नायर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मुळाच्या टोकाशी असलेले २५६ नमुने सलग काप घेऊन तपासले. त्यांत खऱ्या अर्थाने सिस्ट फक्त १५ टक्के निघाल्या. निम्मे ग्रॅन्युलोमा होते आणि ३५ टक्के पू झालेले. म्हणून एक्स-रेवर काळा गोल डाग दिसला की लगेच ‘सिस्ट आहे, कापावं लागेल’ म्हणणाऱ्याचं मी ऐकून घेते, पण रूट कॅनाल करून वाट बघता येईल का, हा प्रश्न दंतवैद्याला विचारायला सांगते. त्याच सिस्टमधल्या काही मुळाच्या छिद्राकडे उघड्या असतात, त्यांना पॉकेट सिस्ट म्हणतात. रूट कॅनालने जंतू गेले की त्या बऱ्याच वेळा आपोआप भरतात. पूर्ण बंद असलेली खरी सिस्ट जंतू गेल्यावरही आपल्या बळावर टिकू शकते. भावाच्या बाबतीत तो टप्पा मागे पडला आहे, ऑपरेशन झालंच आहे.

सिस्ट झाल्यावर वाढते कशी, यात रक्तवाहिन्यांचा वाटा मोठा आहे. दाहामुळे भिंतीतल्या केशवाहिन्या फुगतात आणि गळक्या होतात. त्यांतून प्रथिनांसकट द्रव पाझरतो. अस्तराच्या झडलेल्या, मेलेल्या पेशी पोकळीत पडून विरघळतात. पोकळीतल्या द्रवात विरघळलेले कण जास्त झाले की भिंतीतून पाणी आत ओढलं जातं. दाब वाढतो आणि सिस्ट फुग्यासारखी चहूबाजूंनी पसरते. म्हणून ओपीजीत तिची कड गोल आणि रेखीव दिसते. फुटलेल्या तांबड्या पेशी आणि मेलेल्या पेशींमधून कोलेस्टेरॉल साचतं. स्लाइड बनवताना ते विरघळून जातं आणि मागे सुईच्या आकाराच्या रिकाम्या फटी उरतात, त्यांना चिकटून बहुकेंद्रकी महापेशी. ऑपरेशनआधी सुईने द्रव काढला तर तो पिवळसर निघतो. उजेडात धरून हलवला की कोलेस्टेरॉलचे कण चमचमतात. रिपोर्टमध्ये ‘कोलेस्टेरॉल क्लेफ्ट’ वाचून काही जण रक्ताचा लिपिड प्रोफाइल करून घेतात. त्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही, पैसे वाचवा.

मास्ट पेशींबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून थोडं थांबते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइडवर त्या सहज नजरेतून सुटतात. टोल्युइडिन ब्लू हा रंग लावला की मात्र लपून राहत नाहीत. बाकी सगळं निळं आणि या पेशींतले दाणे जांभळट लाल. एखाद्या रेडिक्युलर सिस्टची भिंत अशी रंगवून पाहिली तर मास्ट पेशी कुठेही विखुरलेल्या दिसत नाहीत. त्या बारीक रक्तवाहिन्यांना लागून असतात, आणि अस्तराच्या अगदी खाली. काहींचे दाणे पेशीबाहेर सांडलेले दिसतात, म्हणजे तिने आपला माल सोडला आहे. त्या मालात हिस्टामिन असतं, त्याने केशवाहिन्या गळक्या होतात. हेपरिन असतं, ते नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं आणि सिस्टमधल्या द्रवात भर घालतं. ट्रिप्टेज आणि कायमेज ही विकरं असतात, ती भिंतीतले तंतू सैल करणारी इतर विकरं जागी करतात. तंतू सैल झाले की सिस्टला पसरायला जागा होते. म्हणजे दाह, गळती, नव्या रक्तवाहिन्या आणि हाडाची झीज या चारही धाग्यांची गाठ या एका पेशीत बसते.

मास्ट पेशींची मोजणी बऱ्याच अभ्यासांत झाली आहे आणि अनेकांत त्या रेडिक्युलर सिस्टमध्ये इतर सिस्टपेक्षा जास्त आढळल्या आहेत. पण आकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत. कोणी टोल्युइडिन ब्लूवर मोजतं, कोणी ट्रिप्टेजच्या अँटिबॉडीवर. कोणी फक्त अस्तराखालचा पट्टा घेतं, कोणी अख्खी भिंत. सांडलेल्या दाण्यांची पेशी मोजायची की सोडायची, यावरही एकमत नाही. त्यामुळे रिपोर्टमध्ये मास्ट पेशी ‘भरपूर’ आहेत की ‘अधूनमधून’, यावर झोप उडवू नका. त्यावरून आम्ही उपचार बदलत नाही.

रक्तवाहिन्यांचंही तसंच. १९७१ मध्ये जूडा फोकमन यांनी मांडलं की नव्या रक्तवाहिन्यांशिवाय ट्यूमर मोठा होऊ शकत नाही. तेव्हापासून ‘रक्तवाहिन्या वाढल्या’ हे शब्द कॅन्सरला चिकटले ते चिकटलेच. पण नव्या रक्तवाहिन्या गुडघा फुटल्यावरही फुटतात, खपलीखालची लालसर मऊ ऊती त्यांचीच असते. सिस्टच्या भिंतीत मॅक्रोफेज, मास्ट पेशी आणि खुद्द अस्तराच्या पेशीही व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन सोडतात आणि केशवाहिन्यांना कोंब फुटतात. संशोधनात त्या सीडी३४ किंवा सीडी१०५ या खुणांनी रंगवून मोजतात. सीडी१०५ प्रामुख्याने नव्याने वाढणाऱ्या वाहिन्यांवर दिसते. जिथे दाह दाट तिथे वाहिन्या दाट, असंच साधारणपणे दिसतं. भावाच्या रिपोर्टमधल्या दोन ओळी म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

अस्तराचा मुद्दा मी सुरुवातीला का मांडला, ते दुसऱ्या दोन सिस्टशेजारी ही ठेवली की कळेल.

डेंटिजेरस सिस्ट न उगवलेल्या दाताच्या माथ्याभोवती होते, बहुधा खालच्या अक्कलदाढेच्या किंवा वरच्या सुळ्याच्या. तिच्यात जंतूंचा संबंध सुरुवातीला नसतो, त्यामुळे भिंतीत दाहाच्या पेशी तुरळक असतात. पण रक्तवाहिन्यांचा संबंध इथेही आहे आणि तो वेगळाच. अडलेला दात वर यायचा जोर करतो तेव्हा भोवतालच्या पिशवीतल्या शिरांवर दाब येतो. रक्त परत जायची वाट आवळली जाते, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि द्रव पाझरून दाताचा माथा आणि अस्तर यांच्यामध्ये साचतो. सिस्ट कशी बनते याचं हे एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. इथे प्रतिकारशक्तीच्या पेशी नसल्या तरी काम भागतं.

तिसरी केराटोसिस्ट, आणि खरी काळजी हिची. ती लहरी आहे. १९५६ मध्ये फिलिपसन यांनी तिला नाव दिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात २००५ मध्ये ती ट्यूमर ठरली आणि २०१७ मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आली. बऱ्याच केराटोसिस्टमध्ये पीटीसीएच१ या जनुकात बिघाड आढळतो. तिचं अस्तर पातळ, साधारण पाच ते आठ थरांचं, तळाच्या पेशी शिस्तीत ओळीने उभ्या, वरचा पृष्ठभाग चुणीदार. हे अस्तर स्वतःहून वाढतं, त्याला दाहाची गरज नसते. म्हणून दाह नसलेल्या केराटोसिस्टच्या भिंतीत पेशी कमी आणि वाहिन्याही कमी गळक्या. पुरावा तिच्या द्रवातच सापडतो. त्यात विरघळलेली प्रथिनं १०० मिलिलिटरमागे ४ ग्रॅमपेक्षा कमी असतात, तर इतर सिस्टमध्ये ५ च्या वर. सुई घातली तर पिवळं पाणी येत नाही, पांढरट, चोथ्यासारखं केराटिन येतं. नुसती सोलून काढली तर साधारण चारातल्या एका रुग्णात ती परत येते, कारण अस्तर फाटतं आणि भिंतीत बारीक पिल्लू-सिस्ट राहून जातात.

जुन्या केराटोसिस्टला जंतुसंसर्ग झाला की पेशींची गर्दी तिच्याही भिंतीत जमते, आणि त्या गर्दीच्या पट्ट्यात अस्तर आपली ओळख हरवतं. चुणी जाते, तळाची ओळ मोडते, थर जाड होतात. छोटासा तुकडा नेमका त्या भागातून घेतला असेल तर ती रेडिक्युलर सिस्टसारखी दिसू शकते. म्हणून दाट दाह असलेल्या स्लाइडवर मी दाह नसलेला कोपरा शोधते. अस्तर तिथे खरं बोलतं. एकपिशवी अमेलोब्लास्टोमा या सिस्टसारख्या दिसणाऱ्या ट्यूमरचंही असंच आहे, दाह त्यालाही झाकू शकतो. भावाचा नमुना अख्खी सिस्ट असेल तर ही चूक व्हायची शक्यता कमी. तुकडाच पाठवला असेल, किंवा ज्या दाढेखाली सिस्ट होती ती दाढ जिवंत निघाली असेल, तर मात्र स्लाइड दुसरीकडे दाखवा. जिवंत दाताला रेडिक्युलर सिस्ट होत नाही. ऑपरेशनआधी दाढेची जिवंतपणाची चाचणी झाली होती का, हे डॉक्टरांना विचारा. कागदावर नोंद असते.

आता औषधाचं. प्रतिकारशक्ती वाढवायच्या गोळ्या, काढे, पावडरी काहीही देऊ नका. वर सांगितलं ते वाचलंत तर कळेल की इथे तिचा तुटवडा नव्हता. अँटिबायोटिकचीही मर्यादा ओळखा. गोळी रक्तातून जाते. मेलेल्या दाताच्या पोकळीत रक्त जात नाही आणि सिस्टच्या पोकळीतही जात नाही. म्हणून मेडिकल स्टोअरमधून आणलेल्या गोळ्यांनी सूज चार दिवस बसते आणि पुन्हा येते. पू झाला, ताप आला तर त्या हव्यातच, पण सिस्ट त्यांनी जात नाही. सिस्टचं कारण असलेल्या दाढेचं रूट कॅनाल झालं आहे किंवा ती काढली आहे, याची खात्री करा. जंतूंची जागा तशीच ठेवून फक्त पिशवी काढली तर मुळाशी पुन्हा तोच खेळ सुरू होईल.

मधुमेह आहे का, ते तपासून घ्या. साखर जास्त असली की न्यूट्रोफिल नीट काम करत नाहीत आणि जखम भरायला वेळ लागतो. आणि आपल्या भागात हा प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही: भाऊ खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खातो का? खर्र्याने सिस्ट होते असं मी म्हणत नाही. पण सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा तंतुमय होऊन आवळते, तिच्यातला रक्तपुरवठा कमी होतो आणि तोंड उघडणं दोन बोटांवर येतं. मग सर्जनला मागच्या दाढेपर्यंत पोचणं जिकिरीचं होतं आणि टाकेही लवकर भरत नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरहून येणाऱ्या रुग्णांतही हेच चित्र. निदान हाड भरेपर्यंत पानठेल्यापासून त्याला लांब ठेवा, जमलं तर कायमचं.

पुढचं काम सोपं आहे. पहिला ओपीजी आणि रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा ओपीजी, मग वर्षाने. काळी पोकळी कडेकडून करडी होत आत भरत आली पाहिजे. मोठ्या पोकळीला वर्षाहून जास्तही लागतं, घाबरू नका. दोन्ही बाजूंच्या दातांची जिवंतपणाची चाचणी एकदा करून घ्या, कारण मोठ्या सिस्टमुळे किंवा ती काढताना शेजारच्या मुळांचा रक्तपुरवठा दुखावला जाऊ शकतो. खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर वाटत असेल, सूज परतली असेल किंवा टाक्यातून स्राव येत असेल, तर सहा महिन्यांची वाट बघू नका. शंका उरलीच तर प्रयोगशाळेतून नमुन्याचा मेणात जपलेला ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या. नागपुरात मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा हिंगणा रोडच्या दंत महाविद्यालयांत ओरल पॅथॉलॉजीचा विभाग आहे, तिथे दाखवा. सोबत पहिला ओपीजी न्यायला विसरू नका, कारण एक्स-रे न बघता सिस्टच्या स्लाइडवर मत द्यायला मी तरी तयार होत नाही.